मुलाच्या कण्याचं मोठं ऑपरेशन धर्मादाय मदतीतून: पहिल्या एक्स-रेपासून घरी येईपर्यंत

"पाठीला बाक आहे, ऑपरेशन लागेल, खर्च लाखांत जाईल." डॉक्टरांचं हे वाक्य ऐकून बाहेर आलेल्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. माझ्या बहिणीच्या मुलीचं कण्याचं ऑपरेशन पूर्णपणे मदतीच्या पैशातून झालं. मेहुणे टेम्पो चालवतात, बहीण शेतावर जाते, त्यामुळे कागदांची आणि हॉस्पिटलची धावपळ माझ्याकडे आली. त्या काळात ज्या गोष्टी आम्हाला कोणी सांगितल्या नाहीत, त्या इथे क्रमाने देते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मदत देणारा जवळजवळ प्रत्येकजण, सरकारी योजना असो की खासगी ट्रस्ट, पैसे ऑपरेशनच्या आधी मंजूर करतो आणि ते हॉस्पिटलच्या नावावर देतो. दागिने गहाण टाकून, व्याजाने काढून ऑपरेशन उरकलं आणि मग बिल घेऊन गेलात, तर बहुतेक ठिकाणी "आता काही करता येत नाही" हेच उत्तर मिळेल. म्हणून डॉक्टरांच्या तारखा आणि कागद ही दोन्ही कामं एकाच वेळी सुरू करा.

१. आजाराचं पूर्ण नाव आणि बाकाचा अंश लिहून घ्या

"पाठीत गॅप आहे", "मणका सरकलाय" एवढ्यावर कोणीही अर्ज घेत नाही. कणा बाजूला वाकला असेल तर स्कोलिओसिस, कणा पुढे वाकून पाठीवर कुबड आलं असेल तर कायफोसिस. जन्मतः मणके अर्धवट घडलेले असतात, स्नायूंचा किंवा मेंदूचा आजार असतो, मणक्याचा टीबी असतो. आणि पुष्कळ मुलींमध्ये, वाढीच्या वयात, काहीच कारण सापडत नाही. कारण कोणतं, यावर ऑपरेशन कोणतं आणि किती घाईचं, हे ठरतं.

बाक मोजतात तो कॉब अँगलने. १० अंशांच्या वर असेल तर स्कोलिओसिस म्हणतात. वाढत्या मुलात साधारण २५ ते ४० अंशांपर्यंत पट्टा म्हणजे ब्रेस देऊन बाक रोखायचा प्रयत्न होतो, आणि ४५-५० अंशांच्या पुढे ऑपरेशनचा विचार सुरू होतो. हा आकडा केस पेपरवर लिहून घ्या. ट्रस्टच्या डॉक्टरांची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

तपासण्यांत उभं राहून काढलेला पूर्ण कण्याचा एक्स-रे लागतो, समोरून आणि बाजूने. झोपवून काढलेल्या फिल्मवर बाक कमी दिसतो, म्हणून ती चालत नाही. मज्जारज्जूला काही अडचण आहे का हे बघायला एमआरआय, जन्मजात दोष असेल तर सीटी स्कॅन, आणि बाक मोठा असेल तर फुप्फुसांची क्षमता आणि हृदयाची टूडी इको. मोठ्या बाकात छाती एका बाजूने दबते, जिना चढताना मूल धापा टाकतं. तसं होत असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण "तातडी" हा शब्द त्यातूनच कागदावर येतो.

फिल्म घडी घालू नका. सीडी प्रत्येक ठिकाणी मागून घ्या आणि तिच्या दोन प्रती करा.

टीबीमुळे कुबड आलं असेल तर गोळ्यांचा कोर्स एक दिवसही चुकवू नका. ती औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये खात्यात येतात.

आणि एक कळकळीने सांगते. या काळात गावात कोणीतरी "कणा बसवून देतो" म्हणणारा भेटतोच. वाकलेला कणा मालीश करून किंवा पाठीवर पाय देऊन सरळ होत नाही. जन्मजात दोष किंवा टीबी असलेल्या मणक्यावर असा दाब पडला तर पाय लुळे पडू शकतात. आजीचा कितीही आग्रह असला तरी तिथे मुलाला नेऊ नका.

२. आधी सरकारी दारं ठोठवा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ० ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. २०१३ साली त्याची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. त्यांचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं. पथकाने किंवा जिल्हा रुग्णालयाने मुलाला पुढे पाठवल्याची चिठ्ठी असेल तर मोठ्या हॉस्पिटलात वाट सोपी होते. शाळेत पथक कधी येणार हे मुख्याध्यापकांना विचारा. ते येईपर्यंत थांबायचं नसेल तर थेट जिल्हा रुग्णालयात जा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देते. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. त्याच्यासमोर रेशन कार्ड आणि आधार ठेवा आणि हे तीन प्रश्न विचारा:

- या हॉस्पिटलला कण्याच्या व्यंगाच्या ऑपरेशनची मान्यता आहे का? हॉस्पिटल योजनेत असतं, पण प्रत्येक ऑपरेशनसाठी असतंच असं नाही.
- कणा सरळ धरून ठेवायला आत बसवतात त्या स्क्रू आणि रॉडचा (धातूच्या दांड्यांचा) सगळा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का?
- पूर्वमंजुरीला कोणते रिपोर्ट लागतील?

योजना कॅशलेस आहे. मंजुरी मिळाल्यावर कोणी वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

३. हॉस्पिटल निवडा आणि सोशल वर्करला भेटा

मुलांच्या कण्याचं ऑपरेशन प्रत्येक हाडांच्या डॉक्टरचं काम नाही. सर्जनला सरळ विचारा: मुलांची अशी ऑपरेशन तुम्ही नियमित करता का, ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूवर लक्ष ठेवणारं न्यूरोमॉनिटरिंग असतं का, मुलांचा आयसीयू आहे का. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

मुंबईत जेजे, केईएमसारखी सरकारी आणि पालिकेची हॉस्पिटलं आहेत, परळलाच लहान मुलांचं वाडिया आहे. तिथे खर्च कमी आणि रांग मोठी. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत 'पुअर बॉक्स' नावाचा गरीब रुग्णांसाठीचा निधी असतो. त्याचा अर्ज सोशल वर्करमार्फतच जातो.

दुसरी वाट धर्मादाय हॉस्पिटलांची. महाराष्ट्रात अशी चारशेहून अधिक आहेत, आणि त्यांत झगमगाटाची, नाव ऐकूनच आपण मागे फिरतो अशीही कितीतरी आहेत. मागे फिरू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक प्रमाणे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. याचा खर्च आयपीएफ म्हणजे निर्धन रुग्ण निधीतून होतो आणि तो निधी हॉस्पिटलच्या एकूण बिलाच्या २ टक्के रकमेतून उभा राहतो.

व्यवहारात अडचण कुठे येते ते सांगते. चौकशीच्या खिडकीवर "आयपीएफच्या खाटा भरल्या आहेत" असं तोंडी सांगून वाटेला लावतात. तिथे वाद घालत बसू नका. मेडिकल सोशल वर्करचं कार्यालय शोधा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. खाटा खरंच भरलेल्या असतील तर प्रतीक्षा यादीत नाव घालायला सांगा. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर तारखेसाठी थोडं थांबता येतं, फक्त किती थांबायचं ते सर्जनला विचारून. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जा. आम्हाला एका हॉस्पिटलात तोंडी नकार मिळाला होता. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज टेबलावर ठेवल्यावर त्याच टेबलावरून फॉर्म मिळाला.

सोशल वर्करला मी 'मॅडम' म्हणत असे. पुढे त्या बहिणीसारख्या झाल्या. त्यांना घरची खरी परिस्थिती सांगा: कर्ज किती, कमावणारे किती, जमीन आहे का, आधी कोणी मदत केली का. ट्रस्टकडे जाणारा अहवाल त्यांच्या हाताने लिहिला जातो. काही लपवलेलं नंतर उघडं पडलं की अर्ज तर अडकतोच, त्यांचा शब्दही पडतो.

४. इस्टिमेट: सगळ्यात महत्त्वाचा कागद

सगळी मदत या एका कागदावर चालते, म्हणून इथे वेळ घालवा.

इस्टिमेट हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आणि तारखेसह हवं. त्यात आजाराचं नाव, ऑपरेशनचं नाव आणि खर्चाची फोड हवी. भाचीचं पहिलं इस्टिमेट म्हणजे एक ओळ आणि एक आकडा होता. एका ट्रस्टने ते तसंच परत केलं. नवीन कागदावर ओळी वेगळ्या झाल्या: सर्जन आणि भूल, ऑपरेशन थिएटर, स्क्रू इतके गुणिले दर, रॉड दोन, आयसीयूचे दिवस, वॉर्डाचे दिवस, औषधं, रक्त. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचली तेव्हा न्यूरोमॉनिटरिंग कुठेच दिसेना. विचारल्यावर कळलं, ती टीम बाहेरून येते, तिचं बिल वेगळं. ते लिहून घेतलं नसतं तर ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ते पैसे रोख भरावे लागले असते.

या ऑपरेशनमध्ये स्क्रू-रॉडचा, म्हणजे इम्प्लांटचा भाग फार मोठा असतो. मोठ्या बाकाला स्क्रू जास्त लागतात. धर्मादाय सवलतीत दुर्बल घटकाला बिलात सूट मिळाली तरी औषधं आणि इम्प्लांटच्या रकमेतला वाटा भरावा लागतो. म्हणून "सवलत मिळाली" ऐकून निश्चिंत होऊ नका, "आमच्या हातून किती जाणार?" हे आकड्यात विचारा. इम्प्लांट देणारी कंपनी गरीब रुग्णासाठी दर कमी करते का, हेही सर्जनला विचारायला लाजू नका.

लहान मुलाला वाढणारे रॉड, म्हणजे मूल वाढेल तसे लांबवायचे रॉड, बसवणार असतील तर पुढे पुन्हा पुन्हा छोटी ऑपरेशनं लागू शकतात. तो पुढचा खर्चही आताच विचारून ठेवा.

५. फाईल तयार करा

एक मूळ कागदांची फाईल, जी कोणालाही सोडून द्यायची नाही, आणि झेरॉक्सचे पाच-सहा संच. त्यात हे हवं:

- मुलाचं आणि आईवडिलांचं आधार कार्ड, मुलाचा जन्मदाखला
- रेशन कार्ड, सगळी पानं
- तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, सेतूतून किंवा आपले सरकारवरून
- रहिवासी दाखला
- केस पेपर, सगळे रिपोर्ट, एक्स-रेचा स्पष्ट फोटो
- इस्टिमेट, मूळ सहीच्या दोन-तीन प्रती, कारण काही ट्रस्ट मूळच मागतात
- हॉस्पिटलच्या बँक खात्याचा तपशील
- मुलाचे पासपोर्ट फोटो आणि वडिलांचं बँक पासबुक
- शाळेचं बोनाफाईड

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावावरून. केस पेपर काढताना घाईत घरचं नाव सांगितलं जातं: तिथे 'पिंकी', आधारवर 'प्रियांका', रेशन कार्डावर नावच नाही. केस पेपर पहिल्यांदा काढतानाच आधारप्रमाणे नाव घाला. रेशन कार्डावर मुलाचं नाव नसेल तर ते काम आजच सुरू करा, ऑपरेशनची तारीख तहसीलच्या हेलपाट्यांसाठी थांबत नाही.

मुलाला चालायला किंवा बसायला कायमची अडचण असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हेही काढून घ्या. मदतीच्या अर्जाला जोड मिळते आणि प्रवासातही उपयोग होतो.

६. अर्जांचा क्रम

फुले योजना आणि धर्मादाय सवलत लागू होते का हे आधी ठरू द्या. त्यातून जी रक्कम उरेल तिच्यासाठीच पुढचे अर्ज.

मुख्यमंत्री सहायता निधीतून वैद्यकीय मदत मिळते. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असावं लागतं, ऑपरेशन त्यांच्या यादीत बसावं लागतं आणि पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात. दाखल रुग्णाचा जिओ-टॅग असलेला, म्हणजे कुठे काढला त्या जागेची नोंद असलेला फोटो मागतात, तो वॉर्डातूनच काढून घ्या. पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीसाठी साधा अर्ज, मूळ इस्टिमेट, उत्पन्नाचा आणि राहण्याचा पुरावा आणि फोटो लागतात. तिथून खर्चाचा काही भाग मिळतो. हॉस्पिटल त्यांच्या यादीवर आहे का, हे आधी बघा.

मग ट्रस्ट. सिद्धिविनायक मंदिर न्यास रुग्णांना मदत करतो, टाटा ट्रस्ट्स वैयक्तिक वैद्यकीय अर्ज घेतात, आणि हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडे लहान-मोठ्या ट्रस्टांची स्वतःची यादी असते. ती यादी सोन्यासारखी. कोणता ट्रस्ट मुलांना देतो, कोणाची बैठक महिन्यातून एकदाच होते, हे त्यांना तोंडपाठ असतं.

एका कागदावर हिशेब ठेवा: इस्टिमेट इतकं, अमुक ठिकाणी मंजूर इतकं, अमुक ठिकाणी अर्ज दिला, उरले इतके. प्रत्येक ट्रस्ट विचारतोच, "आणखी कोणी किती दिले?" हा कागद पुढे केला की विश्वास बसतो, आणि शेवटची राहिलेली रक्कम द्यायला लोक जास्त तयार होतात.

मंजुरीपत्रावर मुदत असते. मुलाला ताप आला, तारीख पुढे गेली, तर त्याच दिवशी ट्रस्टला कळवून मुदत वाढवून मागा.

७. लोकांकडून पैसे उभे करताना

ऑनलाइन मोहीम चालवणाऱ्या कंपन्या आहेत. त्या किती टक्के कापतात, जाहिरातीचे वेगळे घेतात का, पैसे थेट हॉस्पिटलला देतात का, हे सही करण्याआधी वाचा. व्यक्तीच्या नावाने चालवलेल्या मोहिमेला दिलेल्या देणगीवर आयकरातली ८०जीची सूट मिळत नाही. ती नोंदणीकृत संस्थेला दिल्यावर मिळते. देणगीदाराने विचारलं तर खरं ते सांगा.

मुलाच्या उघड्या पाठीचा, रडणाऱ्या चेहऱ्याचा फोटो टाकू नका. भाची बारा वर्षांची होती, तिला सगळं कळत होतं. आम्ही फक्त एक्स-रे टाकला आणि इस्टिमेट टाकलं, आधार क्रमांक आणि पत्ता झाकून. पैसे आले. मूल उद्या शाळेत जाणार आहे आणि तो फोटो कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलमध्ये राहणार आहे.

"फाईल पुढे सरकवतो, दहा टक्के द्या" म्हणणारा माणूस किंवा "मंजुरी झाली, प्रोसेसिंग फी भरा" असा फोन, दोन्ही फसवणूक. खरा ट्रस्ट गरिबाकडून फी घेत नाही.

८. परदेशात न्यावं का?

कोणीतरी नातेवाईक सुचवतोच, "अमेरिकेत फुकट करतात." यात तथ्य आहे. श्रायनर्स ही तिथली संस्था १९२२ पासून मुलांवर उपचार करते आणि पैसे नाहीत म्हणून मूल नाकारत नाही. आफ्रिकेत तर याचं मोठं उदाहरण आहे. घानाचे सर्जन ओहेनेबा बोआची-अजेई यांनी १९९८ मध्ये फोकोस ही संस्था काढली, २०१२ पासून घानाच्या अक्रा शहरात तिचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. इथिओपियात राहणारे अमेरिकन डॉक्टर रिक होड्स तिथली अतिशय वाकलेल्या कण्याची मुलं देणग्यांच्या पैशातून अक्राला पाठवत आले आहेत. काही मुलांचा बाक इतका असतो की आधी डोक्याला कडं बसवून आठवडेच्या आठवडे हळूहळू ताण देतात, मग ऑपरेशन. मुलं महिनोन्महिने घरापासून लांब राहतात.

पण ही मुलं देश सोडतात कारण असं ऑपरेशन त्यांना त्यांच्या देशात मिळत नाही. आपल्याकडे ते मुंबई-पुण्यात होतं, आणि बाहेरच्या देशांतले रुग्ण त्यासाठी भारतात येतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: इथल्या दोन अनुभवी सर्जननी "हे इथे होणार नाही" असं लिहून दिलं तरच परदेशाचा विचार करा. ऑपरेशन मोफत असलं तरी विमान, राहणं आणि पुढच्या तपासणीसाठीचे दौरे मोफत नसतात. आणि मध्यरात्री जखमेतून पाणी आलं तर इथला कोणता डॉक्टर बघणार, हे आधी ठरलेलं हवं.

जायचंच ठरलं तर मुलाचा पासपोर्ट काढताना आईवडील दोघांची संमती लागते. अमेरिकेच्या व्हिसासाठी तीन कागद मुख्य: इथल्या डॉक्टरचं आजार आणि बाहेर जाण्याचं कारण सांगणारं पत्र, तिथल्या हॉस्पिटलचं उपचार, कालावधी आणि खर्च सांगणारं पत्र, आणि खर्च कोण करणार याचा पुरावा. हॉस्पिटलने लेखी स्वीकारल्याशिवाय तिकिटं काढू नका.

९. ऑपरेशनच्या दिवसांत

परळ-दादर भागात गाडगे महाराज धर्मशाळा आणि नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. जागा मर्यादित असते, हॉस्पिटलचं पत्र घेऊन लवकर जा. ऑपरेशनला रक्त लागतं, गटाचे दाते आधी बोलून ठेवा. श्वास आत ओढून तीन गोळे वर उचलायचं छोटं यंत्र आधीच आणा आणि मुलाकडून सराव करून घ्या. ऑपरेशननंतर दुखत असताना ते नव्याने शिकणं अवघड जातं, आणि फुप्फुसं साफ राहायला तेच लागतं.

संमतीपत्रावर सही करण्याआधी सर्जनकडून धोके नीट ऐका: जंतुसंसर्ग, रक्तस्राव, क्वचित पायांची ताकद जाणं. वडिलांनी एकट्याने ऐकू नये, आईही सोबत हवी.

१०. घरी आल्यावर

जखम लाल होणं, पाणी येणं, ताप, पायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणं: यातलं काहीही दिसलं तर फॉलो-अपच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन. वाकणं, पिळणं, दप्तर उचलणं किती महिने बंद, हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या आणि त्याची झेरॉक्स वर्गशिक्षकांना द्या. एसटीने खडखडत फॉलो-अपला जाणं त्रासाचं होतं, त्या प्रवासाचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

प्रत्येक ट्रस्टला अंतिम बिलाची प्रत आणि चार ओळींचं पत्र पाठवा. पैसे उरले असतील तर ते ट्रस्टकडे परत जातात, ते त्यांचेच आहेत.

इम्प्लांटचे स्टिकर लावलेला कागद हॉस्पिटलच्या फाईलमध्ये राहतो. डिस्चार्जआधी त्याची प्रत मागा. पुढे कधी एमआरआय करायचा झाला किंवा एखादा स्क्रू बदलायची वेळ आली, तर आत काय बसवलंय हे त्या कागदावरूनच कळतं.